ग्वातेमालात विपिल घ्यायचंय? आधी उलटं करून बघा

विपिल म्हणजे तिथल्या मूळनिवासी माया समाजातल्या बायकांचं हाताने विणलेलं पोलकं. अँटिग्वा शहरात पाऊल ठेवताच ते घ्यायची घाई करू नका. आधी बाजारामागच्या थांब्यावरून रंगीबेरंगी 'चिकन बस' (म्हणजे रंगवलेली जुनी अमेरिकन स्कूलबस) पकडून सान अँटोनियो आग्वास कालिएंतेसला जा. गाव जवळच आहे, भाडं किरकोळ; सुटे केत्साल (इथलं चलन) मात्र हाताशी असू द्या.

तिथल्या हस्तकला बाजारात बायका गुडघे टेकून विणत असतात. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने कमरेला बांधलेलं. मागे रेललं की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ होतो, पुढे झुकलं की सैल. बाकी सगळ्या नुसत्या काठ्या! मी जिच्यापाशी बसले ती मोजकेच ताणे बोटांनी उचलायची, त्यांखालून रंगीत दोरा सरकवायची, मग लाकडी पट्टीने बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकायची. समोर नक्षीचा कागद वगैरे काही नाही, आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा चालूच. कापडाची रुंदी हात पोचतील तेवढीच, म्हणून विपिल दोन-तीन पट्टे जोडून होतं. भरगच्च नक्षीचं असेल तर कित्येक महिने जातात.

या गावची खासियत म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी. पैठणीचा पदर उलटून बघतो तसं इथेही बघा. पण इतर गावांच्या विपिलांना मागे दोरे दिसले तर तो दोष धरू नका, तिथली पद्धतच तशी. छापील नक्कल मात्र मागून पांढरट दिसते. भाव थोडाफार करा; निम्म्यावरून सुरुवात करणं मला तरी बरं वाटलं नाही. बजेट कमी असेल तर वापरलेलं विपिल घ्या, रंग जरा उतरलेले असतात पण वीण तीच.

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. गर्दी फार, आणि जुनी विपिलं कापून केलेल्या पिशव्या जागोजागी. त्यापेक्षा मला आतित्लान तलाव आवडला. तलावाकाठच्या सांतियागो आतित्लान गावच्या विपिलांवर पक्षी भरतात. २५ सेंतावोच्या नाण्यावरची बाई याच गावची. काठावरच्याच सान हुआन ला लागुना गावात नैसर्गिक रंग करून दाखवतात: तळहातावर कोचिनील किडा चिरडला की लालभडक, वर लिंबू पिळलं की केशरी. होडी सकाळचीच घ्या, दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी खवळतं. फोटो विचारूनच काढा.

ग्वातेमाला सिटीतून परतणार असाल तर इश्चेल वस्त्रसंग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवा. रविवारी ते बंद असतं.