बेलग्रेव्हच्या घराची ओल

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला बिल्डिंग सर्व्हेअर आहे. घराला ओल का येते, भेग का पडते, हे शोधून अहवाल देणं हे माझं रोजचं काम. तरी फेब्रुवारीत पाहिलेलं बेलग्रेव्ह भागातलं ते घर मनातून जात नाही.

घर १८८०च्या दशकातलं. लाल विटांचं, दोन्ही बाजूंना शेजारघरं चिकटलेलं, रुंदीला जेमतेम एक खोली. मालकीण ऐंशीच्या घरातल्या गुजराती आजी; सगळे त्यांना बा म्हणतात. मागच्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघाले होते. एका कंपनीचा माणूस येऊन भिंतीला ओल मोजणाऱ्या मीटरच्या सुया टोचून गेला होता आणि सगळ्या भिंतींना भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरायचं, असं सांगून मोठा आकडा लिहून गेला होता. बांच्या मुलाला शंका आली, म्हणून मला बोलावलं.

तो मीटर मुळात लाकडासाठी असतो. जुन्या भिंतीत क्षार साठलेले असले की पाणी कमी असूनही तो जास्त दाखवतो. त्यामुळे मी आधी बाहेर जातो, भिंत बाहेरून वाचतो.

या घरांमागे बराच विचार आहे. बूट आणि मोज्यांच्या कारखान्यांमुळे लेस्टर झपाट्याने फुगलं. १८६१मध्ये ६८ हजारांचं शहर १९०१मध्ये दोन लाखांवर गेलं. बेलग्रेव्हसारखी शेजारची गावंही मधल्या काळात त्यात आली. कामगारांसाठी रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. पण १८७५चा पब्लिक हेल्थ ॲक्ट आणि त्यामागून आलेले बांधकामाचे नियम यांमुळे रस्त्याला रुंदी, घरामागे मोकळी जागा आणि सांडपाण्याची सोय ठेवणं भाग पडलं. विटांवरचा कर १८५०मध्ये, खिडक्यांवरचा १८५१मध्ये गेला होता. रेल्वेमुळे वेल्सची स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, गरिबाच्या छपरावरही आली. जनगणनेच्या नोंदींत अशा गल्ल्यांमध्ये बुटांचं चामडं कापणारे, शिवणारे, मोजे विणणारे घरामागून घर भेटतात. त्यात वर एखादा भाडेकरूही ठेवलेला.

मागच्या अंगणात मी वाकून भिंत पाहिली. एक वीट लांबीने, पुढची टोकाने, अशी नऊ इंचांची भरीव भिंत. आत पोकळी नाही. अशी भिंत पावसाचं थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा मिळाला की सोडते. सोडते ती विटांमधल्या मऊ चुन्यातून. इथे दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, कधीतरी सिमेंटने भरलेल्या होत्या. छिन्नीने एक दर्ज उकरली. वरचा बोटभर सिमेंट एकसंध निघाला आणि मागे चुना दिसला, ओलसर, नखाने खरवडता येणारा. सिमेंटच्या बाजूच्या विटांचे चेहरे सुटून आले होते. पाण्याला दर्जेतून वाट नाही, मग ते विटेतून निघतं, थंडीत गोठतं आणि विटेचा पापुद्रा फोडतं.

खरा उलगडा त्याखाली झाला. मूळ गवंड्याने जमिनीच्या वर, विटांच्या दोन थरांमध्ये स्लेटचा पातळ थर घातला होता. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. एकशेचाळीस वर्षांनंतरही तो शाबूत होता! पण अंगणातल्या काँक्रीटची पातळी त्याच्याही वर होती. पाऊस काँक्रीटवरून थेट स्लेटच्या वरच्या विटांत शिरत होता. लाकडी जमिनीखाली वारा खेळावा म्हणून ठेवलेल्या जाळीच्या विटाही निम्म्या गाडल्या होत्या. आत एक फळी उचलून टॉर्च टाकला. भिंतीतल्या दोन तुळयांच्या टोकांत स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला.

“हे काँक्रीट कोणी केलं?” मी विचारलं.

“माझ्या मिस्टरांनी, बेटा.”

१९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं, तेव्हा हे दोघं मुलांना घेऊन इथे आले. लेस्टरच्या पालिकेने ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात तिकडच्या वर्तमानपत्रात दिली होती, तरी आले. काही वर्षांनी हे घर घेतलं. अंगणात चिखल व्हायचा, बा गरोदर होत्या, घसरू नये म्हणून नवऱ्याने दोन रविवार खपून काँक्रीट ओतलं. ते आता नाहीत.

मला पुढचं बोलणं जड गेलं. पण खोटं सांगून कसं चालेल? भिंतीलगतची फूटभर पट्टी तेवढी फोडायची, तिथे खडी भरायची, बाकी अंगण तसंच राहील, असं मी सांगितलं. बा थोड्या वेळाने म्हणाल्या, “त्यांना कळलं असतं तर त्यांनीच फोडलं असतं.”

अहवालात स्वच्छ लिहिलं: रसायनाची गरज नाही. जाळ्या मोकळ्या करा, तुळयांची टोकं बदला, आतला जिप्समचा गिलावा काढून चुन्याचा करा, सिमेंटच्या दर्जा उकरून चुन्याने भरा. चुन्याचं काम मात्र कडाक्याची थंडी सरल्यावरच, नाहीतर तो गोठून भुगा होतो.

“दिवाळीला खोली रंगवता येईल?” बांनी विचारलं.

भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना धरतात. मी सांगितलं, नऊ इंच म्हणजे नऊ महिने, आणि तेही काँक्रीट फोडल्यापासून.

बांनी तिथेच मुलाला फोन लावला आणि पट्टी याच आठवड्यात फोडून घ्यायला सांगितलं.