टर्फवर सोललेलं कोपर आणि माठातलं पाणी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावात मे मध्ये दिवसा क्रिकेट खेळायचं म्हणजे वेडेपणाच, म्हणून आमचा ग्रुप टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या गवताच्या मैदानावर, रात्री साडेनऊचा स्लॉट घेतो. सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पोटं सुटलेली, पण बॅट हातात आली की वय विसरायला होतं. त्या दिवशी एक रन वाचवायच्या नादात माझ्या अंगात जॉन्टी ऱ्होड्स संचारला आणि मी डाव्या हातावर घसरत गेलो चांगला चार-पाच फूट. बॉल काही अडला नाही, फोर गेलाच.

उठलो तर कोपरापासून मनगटाकडे वीतभर कातडी गायब. रक्त म्हणाल तर फार नव्हतं, गुलाबी-पांढरट दिसत होतं आणि त्यावर घामाचे थेंब फुटावेत तसे बारीक बारीक लाल ठिपके वर येत होते, मध्ये मध्ये काळे दाणे रुतलेले. आणि आग! लहानपणी गावाकडे कबड्डी खेळताना मुरमावर टोंगळे फुटायचे, पण अशी आग तेव्हा झालेली आठवत नाही.

आता ग्रुपमध्ये पंधरा जण म्हणजे पंधरा डॉक्टर. एकाने लगेच तंबाखूची पुडी काढली, म्हणे भो चुना लाव, रक्त थांबतं. दुसरा म्हणे टूथपेस्ट. तिसऱ्याने कोणाला काही न विचारता बॅगेतून सॅनिटायझर काढला आणि सरळ फवारला. त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी गेलो तर माय ओट्यावरच बसलेली. हात बघितल्या बघितल्या "हाई काय करी लिनं रे भो, कथा पडना?" आणि उठून थेट हळदीच्या डब्याकडे. पण माझी वहिनी सिव्हिलला सिस्टर आहे, आणि आमच्या घरात रात्री दहानंतर कोणाला काही लागलं तर शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, "भाऊजी, काही लावायचं नाही अजून. आधी धुवायचं. बसा इथे आणि हात सरळ करा."

मला वाटलं धुवायचं म्हणजे दोन तांबे पाणी. ते प्रकरण पाऊण तास चाललं.

पहिली अडचण पाण्याचीच. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री दहालाही चहा टाकता येईल इतकं गरम येतं, म्हणून वहिनीने माठातलं पाणी बादलीत काढलं आणि मगने बारीक धार धरून ओतत राहिली. मी म्हटलं फ्रीजमधला बर्फ लावू का, तर नाही म्हणाली, बर्फाने आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. गार पाणी चालतं, बर्फ नाही. आणि धार तब्बल वीस मिनिटं. कारण टर्फवर घसरल्यावर दोन गोष्टी एकदम होतात, कातडी खरवडली पण जाते आणि घासल्याच्या उष्णतेने भाजली पण जाते. टर्फचं गवत प्लास्टिकचं, खाली वाळू आणि जुन्या टायरचा रबरी चुरा, त्यावर वेगात घासलं की हात हातावर चोळल्यासारखं गरम होतं, फक्त कितीतरी जास्त. म्हणजे ते नुसतं खरचटणं नाहीच, भाजणं पण आहे, आणि भाजल्यावर करायचं तेच पहिलं करायचं.

मग साबण. आंघोळीचा साधा साबण, तो पण जखमेच्या आजूबाजूला, मधोमध नाही. आणि मग ते दाणे. ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढून, उकळत्या पाण्यातून काढलेला चिमटा घेऊन ती एकेक काळा दाणा वेचत बसली, भाजीतले खडे निवडतात तसं. जिथे चिमट्यात येत नव्हतं तिथे ओल्या गॉजने हळूच पुसायचं, एकाच दिशेने. मी म्हटलं राहू द्या वहिनी एखाद-दोन, पडतील आपोआप. ती म्हणे नाही पडत. वरून कातडी येते आणि खडा आतच राहतो, निळसर-काळा डाग जन्मभर, गोंदल्यासारखा. एक तर तो डाग, वर पिकायची भीती. खरं आहे ते, आमच्या गल्लीत एकाच्या हनुवटीवर असा डांबराचा ठिपका आहे, शाळेत असताना सायकलवरून पडला होता, लोक तीळ समजतात.

इतकं दुखतं का हे पण मी तिला विचारलं (विचारलं म्हणजे ओरडलो). तर खोल कापलं की जखम एका रेषेत असते, खरचटलं की वरचा पापुद्रा एकदम मोठ्या भागावरून निघतो आणि खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, नुसत्या पंख्याच्या वाऱ्याने पण झोंबतं. पण त्यातच एक बरं असतं. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खाली शाबूत राहतात आणि नवी कातडी फक्त कडेने नाही तर त्या प्रत्येक भोकातून वर येते, म्हणून वरवरचं खरचटणं बहुतेक वेळा डाग न राहता भरतं. हे मला फार आवडलं, शेतात प्रत्येक खुंटाला फुटवा यावा तसं.

मग आता लावायचं काय. मी तोपर्यंत पुतण्याला मेडिकलवर पिटाळलं होतं, तो अँटिबायोटिक पावडरचा डबा, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन आला. वहिनीने तिन्ही बाजूला ठेवलं. स्पिरिट आणि पेरॉक्साइड जंतू मारतात तसे नवीन येणाऱ्या पेशी पण मारतात, फेस येतो म्हणून आपल्याला वाटतं काम चाललंय. पावडरचा घाम-रक्तात चिखल होऊन थर बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो काढताना पुन्हा सोलायचं. तिने लावलं काय तर साधी पेट्रोलियम जेली, पातळ, त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळी), त्यावर कोरडं गॉज आणि पट्टी. बस.

इथे मायचं आणि तिचं जुंपलं. मायचं म्हणणं, जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे, "मी सांगस ते आयक". आपण सगळे असंच ऐकत आलोय ना, पट्टी काढ म्हणजे वाळेल. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या इंग्लंडच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या मानाने साधारण दुप्पट वेगाने येते. कारण नवीन पेशींना सरकायला ओल लागते, खपली झाली की त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. साठ वर्षं झाली तरी हे आपल्या ओट्यापर्यंत पोचलेलं नाही. माय काही पटून गप्प बसली नाही, सून सिव्हिलला आहे म्हणून बसली.

आणि आता आपल्या खानदेशाची गंमत. हे न चिकटणारं गॉज महाग पडतं, मोठ्या भाजलेल्या जखमेला तर फारच, तर मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यावर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून बघितलं. मेणचट पान, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, खर्च जवळपास नाहीच. २००३ मध्ये मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लेख आले. आम्ही रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये वाढलेली माणसं, त्या पानावर फक्त जेवलो! पण लगेच पान तोडून गुंडाळू नका भो, त्यांनी ती पानं निर्जंतुक करून घेतली होती आणि आपल्या शेतातल्या पानावर फवारणी पण असते आणि धूळ पण. तसंच दगडी पाल्याचं. लहानपणी बांधावर तो पाला चोळून रस पिळायचो, रक्त थांबायचं पण, तरी बकऱ्या फिरतात त्या बांधावरचा पाला उघड्या मांसावर आता मी नाही लावणार.

धनुर्वाताचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं. घाण जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर घ्यायचंच. मला आठवेना कधी घेतलं होतं, म्हणजे घ्यायचंच.

पट्टी रोज बदलायची, कोपरावर ती टिकतच नाही, त्यात आपल्याकडचा घाम. चार दिवस वैतागल्यावर पुतण्याच्या जुन्या मोज्याचा पंजा कापला आणि ती नळी पट्टीवर चढवली. झकास. पट्टी चिकटली तर ओढायची नाही, ओली करून पाच मिनिटं थांबायचं, हे मी एकदाच विसरलो आणि परत कधी विसरणार नाही.

मधे वहिनी रोज बघायची ते काय, तर कडेची लाली पसरतेय का, गरम लागतं का, पू आहे का, हातावर वर लाल रेघ चढतेय का, ताप आहे का. यातलं काही दिसलं तर डॉक्टर. चट्टा पांढरा-कडक होऊन तिथे काही जाणवतच नसेल तर त्याच दिवशी, कारण दुखत नाही म्हणजे खोल भाजलंय. माझ्या काकांचं असंच झालं होतं, पोळ्याच्या आधी बैल बिथरला, कासरा तळहातातून सर्रकन गेला आणि दोन बोटं पांढरी पडली. दुखत नाही म्हणून ते आठवडाभर तसेच कामाला जात राहिले, मग पुढचे दोन महिने हात झोळीत. वरवरचं भाजून फोड आला असेल तर तो मात्र फोडायचा नाही, आतलं पाणी म्हणजे फुकटचं ड्रेसिंग.

बाराव्या-तेराव्या दिवशी माझी पट्टी सुटली. खाली कोवळी गुलाबी कातडी, लहान पोराच्या गालासारखी. ती आपल्या उन्हात काळी पडते म्हणून अख्खा जून फुल बाह्यांचा शर्ट घालून गाडी चालवली, लोकांना वाटलं मी फार सभ्य झालो.

मायने हात पुढे घ्यायला लावला, चष्मा लावून नीट बघितला, बोट फिरवलं. त्या पंधरा दिवसांत तिने रोज रात्री मला हळदीचं दूध पाजलं होतं, त्याला वहिनीने कधी ना म्हटलं नाही. माय म्हणे, "दख, हयदना दूधनी कमाल शे ती."

वहिनी कळण्याची भाकर थापत होती. तिने वर पण बघितलं नाही.