ओव्हरव्हेल्म्ड

धाकटीचा निरोप सकाळी आला: ‘फीलिंग ओव्हरव्हेल्म्ड. विल कॉल लेटर.’ तिचा फोन अजून आलेला नाही, आणि मी दिवसभर त्या एका शब्दापाशी अडून बसले आहे.

तिला गहिवरून आले आहे, की ती मेटाकुटीला आली आहे, हे त्या शब्दावरून मला कळत नाही. भारावणे, भांबावणे, दडपून जाणे, हवालदिल होणे, यांतले एक आपल्याला निवडावे लागते, आणि निवडले की ऐकणाऱ्याला मनाचा अंदाज येतो. इंग्रजीत मात्र कृतज्ञतेने, शोकाने किंवा कामाच्या रगाड्याने माणूस ओव्हरव्हेल्म्डच होतो. शत्रूच्या संख्याबळापुढे पाडाव झालेल्या सैन्यालाही तोच शब्द आणि निवडणुकीतले प्रचंड बहुमतही ‘ओव्हरव्हेल्मिंग’च. पुढे ‘विथ’ किंवा ‘बाय’ लिहून तिने वाक्य पुरे केले असते, तर निदान कशाने ते समजले असते. माझ्यापाशी मन मोकळे करायचे नव्हते म्हणूनच तिने सगळे झाकणारा शब्द पुढे केला, असे दुपारभर वाटत राहिले आणि ते फार लागले.

संध्याकाळी कोश काढला. मध्ययुगीन इंग्रजीत नुसत्या ‘व्हेल्म’चाच अर्थ उलटणे, पालथे घालणे असा होता, ‘ओव्हर’ने त्याला केवळ जोर आला. उलथून टाकण्यावरून तो शब्द पाण्याखाली पुरते बुडवण्याकडे गेला, मग चिरडून टाकण्याकडे आणि मनाच्या अवस्थेकडे. हे वाचताना माझा राग ओसरत गेला. अंगावर लाट कोसळलेल्या माणसाला ती कोणत्या बाजूने आली हे लगेच सांगता येत नाही. धाकटीलाही आज ते सांगता येत नसेल. कदाचित गहिवरणे आणि मेटाकुटीला येणे, तिला दोन्ही एकदमच झाले असेल, आणि मग तिने शब्द अगदी नेमका वापरला, असेच म्हणावे लागेल.

तिचा फोन आला की ‘कशाने गं?’ असे आधी विचारायचे नाही, तिला बोलू द्यायचे, एवढे मी ठरवले आहे. तरी तिच्या पहिल्या ‘हॅलो’वरूनच मला कळेल, ही आशा काही सुटत नाही.