लाल पाण्याची बाटली

काम काय करतेस असं कोणी विचारलं की मी हल्ली सरळ सांगते, गोष्टी सांगायचा धंदा आहे. समुद्राच्या, खाडीच्या, कासवांच्या गोष्टी, पण खऱ्या, म्हणजे विज्ञानाच्या, आणि त्या सांगायच्या कुठे तर कोकणातल्या झेडपीच्या शाळांमधे. पैसा येतो कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामाला लावायचे, त्यातल्याच कुठल्यातरी कोपऱ्यात आमच्यासारख्या बारक्या संस्थांची चूल पेटते. त्यामुळे सीएसआरला नावं ठेवायची तर आधी स्वतःच्या ताटाकडे बघावं लागतं, हे मान्य करूनच पुढचं लिहितेय.

गोष्ट तळकोकणातली, गोव्याच्या हद्दीच्या जरा अलीकडची. पैसे देणारी कंपनी खाणवाली. नाव लिहीत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. कंपनीला आमच्याकडून हवं होतं कासव. आता कासव कोणाला नको असतं! वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी २००२ पासून अंडी राखायला सुरुवात केली, मग गावाने ते काम आपलंसं केलं, मग पर्यटक आले, आणि आता किनारपट्टीच्या गावागावात कासवमित्र आहेत, आमच्या बाजूला वायंगणीलासुद्धा. २०२३ मधे गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली, ही गोष्ट मी नकाशावर बोट फिरवत सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंपण उठून पुढे येतात. म्हणजे कासव आमचंही लाडकं, तक्रार नाही. फक्त कार्यक्रमात एक भाग आम्ही हट्टाने घातला होता, 'आपलं पाणी'. प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या व्हाळाचं म्हणजे ओढ्याचं, विहिरीचं, खाडीचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि मग त्याच्यावर प्रयोग. कंपनीच्या माणसाने प्रपोजलमधे ते वाचलं असेल असं मला अजूनही वाटत नाही.

त्या दिवशी नेमकी हेड ऑफिसची व्हिजिट. जुलै महिना, लावणीचे दिवस, पाऊस असा की कौलांवरच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मुंबईहून सीएसआर हेड, त्यांचा फोटोग्राफर, आणि त्यांच्यासोबत खाणीचे मॅनेजर. हे मॅनेजर मूळ गोव्याचे, जिऑलॉजिस्ट, साठीला टेकलेले, गमबूट घालूनच आले आणि बूट दाराबाहेर काढून सॉक्सवर आत येऊन मागे भिंतीला टेकून बसले. लावणी सोडून चार पालकही आलेले, कारण मुख्याध्यापकांनी 'साहेब येणार' म्हणून निरोप धाडला होता.

टेबलावर पोरांनी बाटल्या मांडल्या. बिसलेरीच्या, कोकमाच्या, एक लोणच्याची बरणी. विहिरीचं पाणी काचेसारखं, खाडीचं थोडं मळकट, आणि मधे एक बाटली अशी तांबडी की पलीकडचं काहीच दिसेना. हलवली की प्लास्टिकला आतून रंग धरायचा. सातवीतल्या एका पोराची होती ती, त्याचं घर खाणीच्या खालच्या अंगाला, व्हाळाकाठी. सीएसआर हेड माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती एक बाटली जरा मागे घेता का, फोटोत बरं नाही दिसत." मी म्हटलं, प्रयोग त्याच बाटलीवर आहे.

खोटं नव्हतं ते. प्रयोग असा, की गढूळ पाणी दोन ग्लासात ओतायचं, एकात दोन चमचे मीठ टाकून ढवळायचं, दुसरं तसंच ठेवायचं. माती अगदी बारीक असली, २ मायक्रॉन वगैरे, तर साध्या स्थिर पाण्यात तो कण एक मीटर खाली बसायला तीनेक दिवस घेतो. त्यात हे मातीचे कण सगळे ऋण भाराचे, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. मीठ पडलं की ती ढकलाढकली थांबते, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके पटकन खाली येतात. घरी आई पाण्यात तुरटी फिरवते तसंच थोडंफार. पोरांना हे बघायला जाम आवडतं, कारण डोळ्यासमोर होतं. आधी काहीच नाही, मग ग्लासात वरच्या बाजूला एक निवळ पट्टा दिसायला लागतो, आणि खाली लालसर भुगा उतरताना दिसतो, हिवाळ्यातल्या धुक्यासारखं वगैरे मी म्हणणार नाही, गाळच तो, पण बघत बसावंसं वाटतं खरं.

मग मी नेहमीचा प्रश्न टाकला, की व्हाळाच्या गोड्या पाण्यातून एवढ्या लांब वाहत आलेली माती खारं पाणी लागल्यावर कुठे बसेल? एक मुलगी म्हणाली, "खाडीच्या तोंडार." बरोबर. आणि तिथे कोण राहतं? तिसऱ्या, मुळे, कालवं, अशी यादी सुरू झाली, कारण निम्म्या पोरांच्या आया-आज्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, टोपली घेऊन तिथेच उतरतात. हे सगळे शिंपल्यातले जीव पाणी गाळून खाणारे, पाण्यात माती जास्त झाली की त्यांच्या कल्ल्यांत ती अडकते, वर थर बसला तर खाली गुदमरतात. बाटलीवाल्या पोराने विचारलं, "मग कासवाक काय होता?" मी म्हटलं, कासवाला ह्या गाळाने फारसं काही होत नाही रे, ते अंडी घालायला वाळूवर येतं आणि निघून जातं. त्रास तिसऱ्यांना. फोटोग्राफरच्या मागे लावलेल्या बॅनरवर हे एवढं मोठं कासव होतं, आणि मला तेव्हा एकदम हसू आलं, ते मी कसंबसं दाबलं.

इतक्यात मागच्या पालकांतले एक आजोबा उठले. "साहेब, ह्या सगळा बरा हा. पण आमच्या कुणग्यात गेल्या पावसात येलेलो गाळ कोण काढतलो?" कुणगा म्हणजे भाताचं खाचर.

वर्गात पावसाचाच आवाज. सीएसआर हेडनी प्रसंग सावरायला म्हणून पटकन सांगून टाकलं, की आम्ही नक्की घेऊ, पुढच्या वर्षीच्या सीएसआर बजेटमधे गाळ काढायचा उपक्रम घेऊ, गावकऱ्यांच्या सहभागातून. चांगल्या मनाने बोलल्या असतील, मी शंका घेत नाही.

आणि तेव्हा मॅनेजर भिंतीपासून उठले. पुढे आले, ती लाल बाटली उचलली, उजेडात धरून फिरवली आणि म्हणाले, "हे पाणी आमचंच आहे." एवढं सरळ मी कुठल्याही कंपनीच्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. मग ते खडू घेऊन फळ्याकडे वळले. मातीचा डंप म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीचा ढीग काढला, डंपच्या पायथ्याची भिंत काढली, भोवतीचा गारलँड ड्रेन म्हणजे पावसाचं पाणी अडवून वळवणारा चर, आणि चराच्या शेवटी सेटलिंग पाँड. पाणी पाँडमधे थांबलं पाहिजे, माती तळाला बसली पाहिजे, मगच पाणी व्हाळात. "पण मॅडमनी आता सांगितलं ना, बारीक माती तीन दिवस घेते. आमचा पाँड गाळाने अर्धा भरलाय. पाणी तीन तासही थांबत नाही. म्हणून ते लाल." पोरं माना डोलवत होती, कारण त्यांनी नुकताच तो ग्लास बघितला होता. मी आयुष्यात इतके पाहुणे बोलावलेत, प्रयोग संपायच्या आत तो वापरणारा हा पहिलाच.

मग ते हेडकडे वळून म्हणाले, आवाज न चढवता, की हे सीएसआरमधून नाही करता येणार. पाँड साफ ठेवणं ही पर्यावरण मंजुरीची अट आहे, आणि जी गोष्ट दुसऱ्या कायद्याने करायचीच आहे ती सीएसआरमधे दाखवता येत नाही, २०२१ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. खर्च माझ्या खाणीच्या बजेटमधून होणार. हा नियम मलाही माहीत होता, पण तो असा भर वर्गात, गावासमोर, कंपनीच्याच माणसाने कंपनीच्या माणसाला सांगितलेला बघणं वेगळंच. फरक मोठा आहे हो. सीएसआरमधून केलं की ते उपकार होतात, बोर्ड लागतो, नारळ फुटतो. बजेटमधून केलं की ते नुसतं काम.

आजोबांना काही हे कायद्याचं कौतुक नव्हतं. "ता ठीक आसा, पण कधी?" मॅनेजर म्हणाले, पावसात पाँडमधे मशीन उतरवता येत नाही, दिवाळीनंतर. तोपर्यंत चरात दगडाचे बांध घालतो, पाण्याचा जोर तुटेल. आणि शेताचं? तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्या, आमच्या बाजूने मी सही देतो. आजोबा 'बघू' म्हणून बसले. इकडे २०१२ ला गोव्यातल्या खाणी कोर्टाने थांबवल्या, मग सुरू झाल्या, मग २०१८ ला ८८ लीज रद्द झाली, हे सगळं हद्दीवरून बघितलेली पिढी आहे ही, साहेबांच्या शब्दावर उड्या मारत नाही. पोरगे त्याच खाणीत डंपर चालवतात, म्हणून खाण बंद करा असंही कोणी म्हणत नाही.

पुढचं सांगायचं तर पाँड दिवाळीनंतर खरंच उपसला, खाली अजून एक छोटा पाँड खणला. कुणग्यांचा गाळ काहींचा निघाला, काहींचा पंचनाम्याच्या कागदांत अडकलाय. मॅनेजर रिटायर झाले. कंपनीच्या वार्षिक अहवालात आमच्या कार्यक्रमाचा फोटो आला, त्यात बॅनरवरचं कासव आणि हात वर केलेली पोरं आहेत, टेबल कापलंय.

पुढच्या वर्षीच्या प्रपोजलमधे मी लिहिलं होतं, प्रत्येक शाळेला पाण्याचा गढूळपणा मोजायची एक ट्यूब, पोरांनी आठवड्याला व्हाळाचं रीडिंग वहीत घ्यायचं. ती ओळ लाल रंगात कापून परत आली, शेजारी शेरा, 'डेटा सेन्सिटिव्ह, त्याऐवजी कासव जनजागृती वाढवावी'. ट्यूब म्हणजे काय तर मीटरभर लांब पारदर्शक पाइप, खाली रबरी बूच आणि तळाशी काळीपांढरी चकती, चकती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि उंची वाचायची. स्वस्तात होते. आम्ही त्या 'शैक्षणिक साहित्य' या हेडखाली घेतल्या, पट्ट्या आणि रंगखडूंच्या मधे, आणि ऑडिटरने काही विचारलं नाही.