जुनं पॉलिश काढताना दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमलं – फ्लोअर स्ट्रिपरचा माझा अनुभव

मी चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. हे लिहितेय कारण स्ट्रिपिंगबद्दल, म्हणजे फरशीवरचं जुनं पॉलिश स्ट्रिपर नावाच्या केमिकलने काढण्याबद्दल, मराठीत मला काही सापडलं नव्हतं, जे कळलं ते सगळं चुका करूनच कळलं.

आमचा दुसऱ्या मजल्यावरचा ओपीडी कॉरिडॉर आहे, साधारण हजार स्क्वेअर फूट, खाली व्हिनाईल शीट, म्हणजे प्लास्टिकची फरशी. त्यावर कित्येक वर्षं पॉलिशवर पॉलिश चढत गेलेलं, मधला चालायचा पट्टा काळपट आणि भिंतीच्या कडेला जिथे कोणी चालत नाही तिथे पिवळे थर, पेशंटचे नातेवाईक म्हणायचे फरशी पुसत नाही का तुम्ही, आणि आमच्या मावशी दिवसातून चार वेळा मॉप मारतात हो, पण मळ पॉलिशच्या आत बसलेला, तो वरून पुसून कसा जाणार. मग ठरलं की जुनं पॉलिश पूर्ण काढायचं आणि नवीन कोट द्यायचे.

पहिली रात्र. स्ट्रिपरच्या कॅनवर लिहिलं होतं एक भाग स्ट्रिपरला पाच भाग पाणी. मला वाटलं एवढे जुने थर आहेत तर जरा कडक करू, एकास दोन केलं, आणि वेळ वाचेल म्हणून एकदम तीस फुटांचा पट्टा ओला केला. एसी चालू, वर पंखेही चालू. आमच्या हाउसकीपिंगचे मामा फरशी घासायच्या सिंगल डिस्क मशीनला ब्लॅक पॅड (सगळ्यात खरखरीत) लावून या टोकाकडून निघाले आणि अर्ध्यात पोचेपर्यंत पुढचं सगळं सुकलं! सुकलं म्हणजे सुटलेलं पॉलिश परत फरशीला चिकटलं, च्युइंगगमसारखं, पॅड त्याने भरून गेलं आणि मशीन हिसके द्यायला लागलं. पहाटेपर्यंत स्क्रॅपरने खरवडत बसलो आम्ही चौघं.

नंतर सप्लायरच्या टेक्निशियनने नीट समजावलं तेव्हा उलगडलं. हे पॉलिश म्हणजे अ‍ॅक्रिलिक असतं, त्याचे धागे झिंकने एकमेकांना बांधलेले असतात म्हणून ते रोजच्या साबणाने निघत नाही. स्ट्रिपर चांगला अल्कलाईन (क्षारयुक्त) असतो, त्यातलं अमाईन नावाचं रसायन ती झिंकची गाठ सोडवतं आणि सॉल्व्हंट आत शिरून थर फुगवतो. या कामाला वेळ लागतो, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ फरशी ओलीच राहायला पाहिजे. कडक करून उपयोग नाही, ओलं ठेवून उपयोग. मामांनी गरम पाणी घालू का विचारलं होतं, तर तेही नको म्हणाले, गरम पाण्याने वाफ जास्त, वास जास्त आणि सुकतंही लवकर.

दुसऱ्या वेळी एसी-पंखे बंद, सहा-सात फुटांचेच तुकडे, एकास पाचच ठेवलं. आणि बघायला मिळालं ते सांगते, सातव्या-आठव्या मिनिटाला फरशीवर दुधावरच्या सायीसारखी सुरकुती येते, बोटाने ढकललं की ती साय सरकते. ती दिसली की मशीन फिरवायचं, आधी नाही. मधेच कुठे सुकतंय वाटलं तर त्यावर परत थोडं स्ट्रिपरचंच पाणी टाकायचं. मशीन फिरलं की लगेच वेट व्हॅक्यूमने तो गाळ ओढून घ्यायचा. भिंतीकडेला मशीन पोचत नाही तिथे हाताने पॅड मारावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो, आमचा निम्मा वेळ कडांवर गेला.

फरशी छान निघाली, सगळे खूश, एकदा पाण्याचा मॉप मारला आणि पॉलिश लावलं. तिसऱ्या दिवशी जिथून स्ट्रेचर जातात तिथे पांढरी पावडर उठायला लागली, हात फिरवला तर तळव्याला पिठासारखी लागत होती. मला रडूच यायचं बाकी होतं, दोन रात्रींची मेहनत सगळ्यांची. टेक्निशियन पीएच पेपर (अल्कली असली की निळी होणारी पट्टी) घेऊन आले, एक कोपरा धरून पॉलिश काढलं, फरशी ओली करून पट्टी टेकवली तर गर्द निळी. म्हणजे स्ट्रिपर फरशीवर उरलेलाच होता आणि त्यावर आम्ही पॉलिश लावलं होतं, मग ते धरणार कसं.

म्हणून तिसऱ्या वेळी धुण्यावर जीव ओतला. स्वच्छ पाणी, स्वच्छ मॉप (स्ट्रिपरचा मॉप धुवून वापरायचा नाही, वेगळाच ठेवायचा), पाणी टाका, व्हॅक्यूमने ओढा, बादली बदला, असं तीनदा. प्रत्येक वेळी पट्टी लावून बघितली, निळी, मग हिरवट निळी, मग नळाच्या पाण्याला जो रंग येतो तोच रंग फरशीला आला तेव्हाच थांबलो. पूर्ण सुकू दिलं आणि मग पातळ चार कोट. पावसाळा होता, दमट हवेत कोट सुकायला एरवी अर्धा-पाऊण तास लागतो तिथे दीड तास लागत होता, पण घाई केली नाही.

केमिकल निवडताना मी आता पहिल्यांदा फरशी कुठली ते विचारते. आमच्या फिजिओच्या हॉलमध्ये पण तेच केमिकल मारणार होतो, बरं झालं कपाटामागे वीतभर जागेवर टेस्ट केली, दहा मिनिटांत तपकिरी डाग उठला. ते व्हिनाईल नव्हतंच, लिनोलियम निघालं. ते जवसाच्या तेलापासून बनतं आणि कडक अल्कली त्याला जाळते, त्याला पीएच दहाच्या खालचा स्ट्रिपर लागतो. एका जागी उचकटलेल्या कडेखाली तागाचं कापड दिसलं तेव्हा खात्री पटली. ओटीमधल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) कंडक्टिव्ह फरशीला तर साधं पॉलिश लावायचंच नसतं, स्टॅटिक करंट जमिनीत जायला अडतो. आणि नवीन व्हिनाईलवर कंपनीचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असेल तर ब्लॅक पॅड आणि स्ट्रिपर दोन्ही लांब ठेवा.

वासाचंही बघा. पहिल्या केमिकलच्या वासाने शेजारच्या वॉर्डमधल्या दम्याच्या आजींना त्रास झाला, मी स्वतः जाऊन माफी मागितली, त्यानंतर कमी वासाचं घेतलं, थोडं महाग पडतं पण हॉस्पिटलमध्ये दुसरा विचारच नको.

आणि हातमोजे. आमच्या एका मावशींनी मोज्यात हाताला घाम येतो म्हणून ते काढून कडा घासल्या, म्हणाल्या, "ताई, साबणासारखंच तर आहे, बुळबुळीत." तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीचं तेल विरघळतंय. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांची सालं निघाली. आता लांब रबरी मोजे, गॉगल आणि घट्ट पकडीचे गमबूट असल्याशिवाय मी कोणाला पट्ट्यात उतरू देत नाही, कारण स्ट्रिपर पडलेली फरशी शेवाळलेल्या दगडासारखी घसरते. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणि लगेच कॅज्युअल्टी. हायपोक्लोराईटची (ब्लीचची) बादली तर त्या मजल्यावरच ठेवायची नाही, दोन्ही एकत्र झालं तर विषारी वायू होतो.

कॉरिडॉरला आता चार महिने झाले, पावडर नाही, रात्री बफिंग केलं की ट्यूबलाईट फरशीत दिसते. फिजिओचं लिनोलियम अजून बाकी आहे, कमी पीएचचा स्ट्रिपर मागवलाय, कॅन आला की आधी त्याच कपाटामागे टेस्ट करणार.