एकच बनलेले विमान : लॉकहीड वायपी-२४

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील प्रायोगिक लढाऊ विमानांत अमेरिकेच्या वायपी-२४ विषयी मला विशेष कुतूहल आहे, कारण ते एकच बनले, वर्ष उलटायच्या आत नष्ट झाले आणि तरीही त्याचा वंश पुढे चालू राहिला.

लॉकहीड कंपनी तेव्हा डेट्रॉइट एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनच्या मालकीची होती. अभियंता रॉबर्ट वुड्स यांनी लॉकहीडच्या ‘आल्टेअर’ विमानाचे लाकडी पंख घेतले, त्यांना डेट्रॉइटचे धातूचे धड जोडले आणि नाकात सुमारे ६०० अश्वशक्तीचे कर्टिस काँकरर इंजिन बसवले. पुढे वैमानिक, त्याच्यामागे शेपटीकडे तोंड करून बसलेला मशीनगनचालक, आणि उड्डाणानंतर आत ओढून घेता येणारी चाके, अशी ही रचना होती. त्याचा वेग ताशी सुमारे ३४५ किलोमीटर भरला. दोन माणसे वाहूनही ते लष्कराच्या तेव्हाच्या एकआसनी विमानांना मागे टाकत होते, आणि याचे बरेचसे श्रेय मी त्या चाकांना देईन.

घात केला तोही चाकांनीच. १९ ऑक्टोबर १९३१ रोजी ओहायोतील राइट फील्डवर चाचणी चालू असताना चाके अर्धवट उतरली आणि ती उतरवण्याची मूठच तुटली. लेफ्टनंट हॅरिसन क्रॉकर यांनी विमानाला जोरदार हिसके देऊन चाके परत आत घालवली. आता पोटावर उतरावे, असा त्यांचा विचार होता. तेवढ्यात इतर विमाने त्यांच्या शेजारी येऊन उडू लागली, आणि त्या विमानांच्या अंगावर खडूने आदेश लिहिला होता : उडी मारा. क्रॉकर पॅराशूटने सुखरूप उतरले, विमान मात्र गेले. मंदीने पोखरलेली डेट्रॉइट एअरक्राफ्टही त्याच महिन्यात दिवाळखोरीत निघाली.

वुड्स आपला आराखडा घेऊन कन्सॉलिडेटेड कंपनीत गेले आणि लाकडी पंखांच्या जागी धातूचे पंख देऊन त्यांनी वाय१पी-२५ उभे केले. १३ जानेवारी १९३३ रोजी तेही कोसळले व त्यात कॅप्टन ह्यू एल्मेंडॉर्फ मृत्युमुखी पडले. अलास्कातील हवाई तळाला त्यांचेच नाव आहे. त्याच आराखड्याचे हल्लेखोर विमानही आठवड्याभरात पडले. एवढे होऊनही लष्कराने माघार घेतली नाही, हे मला आजही नवलाचे वाटते. पुढे याच वंशातील पीबी-२ए ही ५० विमाने सेवेत आली.

दोष खरा तर मागच्या आसनात होता. विमान वेगाने तीव्र वळण घेऊ लागले की उलटे तोंड करून बसलेल्या गनरच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, म्हणजे नेमक्या झुंजीच्या वेळी तो निरुपयोगी ठरे. वुड्स यांनी नंतर बेल कंपनीसाठी आखलेले पी-३९ एकआसनी होते, आणि वैमानिकाच्या पाठीमागे गनरऐवजी त्यांनी इंजिन बसवले होते.