सेल्फ कुठल्या गाडीचा?

नानांच्या अ‍ॅम्बेसेडरला नवं इंजिन बसलं त्याला चार महिने झाले. नवं म्हणजे जुनंच, तिच्यासाठी नवं. बसलं, पण सुरू होत नव्हतं, कारण हाउसिंगमध्ये (इंजिनाच्या मागच्या कवचात) सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बसतो ते भोक रिकामं होतं. उंदीर शिरू नये म्हणून मेस्त्रींनी त्यात फडकं कोंबून ठेवलं होतं.

गाडी १९७७ ची, मार्क थ्री. नाना तिच्यावर देवगड-कणकवली भाडी मारायचे. मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्लॉकला चीर जाऊन निकामी झालं, आणि मग गाडी मांगरात नऊ पावसाळे उभी होती. मध्ये कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडे इसुझूचं १९९५ सीसी डिझेल मिळालं, गिअरबॉक्ससकट. फोंडा घाटातून टेम्पोत घालून आणलं. माउंटिंगची कथा वेगळी आहे, ती इथे नको. सेल्फ मात्र त्यावर नव्हता. भंगारात सेल्फ आणि अल्टरनेटर सगळ्यात आधी जातात, तांब्यापायी.

मला वाटलं, त्यात काय, दुकानात जायचं आणि आणायचा. गेले. "अ‍ॅम्बेसेडरचा सेल्फ द्या."

"कुठली अ‍ॅम्बेसेडर?"

"डिझेल."

त्याने दिला. घरी आणून भोकाशी धरला तर एक बोल्ट आला, दुसरा अर्धा इंच बाजूला. मग कळलं, तो जुन्या डिझेलचा होता. २०१४ साली गाडी बंद होईपर्यंत कंपनीने चेहरा जवळजवळ तोच ठेवला, पण बॉनेटखाली काय काय येऊन गेलं: १४८९ चं पेट्रोल, त्याच घराण्यातलं १४८९ चं डिझेल, १९९२ पासून इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल आणि मग आमचं हे दोन लिटरचं डिझेल. "अ‍ॅम्बेसेडरचा सेल्फ" म्हणणं म्हणजे "देवगडचा आंबा" म्हणण्यासारखं. कुठल्या बागेतला ते सांगायला नको?

नानांचं म्हणणं, जुना सेल्फ चांगला आहे, तोच लावा. तो मी खरंच उघडून पाहिला. कार्बन ब्रश जेमतेम घासलेले, आतलं फिरणारं आर्मेचर स्वच्छ. पण तो जुन्या बेंडिक्स पद्धतीचा. त्यात मोटर झटक्यात फिरते, तिच्यावरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, जडत्वामुळे मागे राहतं आणि आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये शिरतं. सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट देणारा विजेवरचा स्विच, वेगळा, दूर पत्र्यावर. आताच्या सेल्फमध्ये सोलेनॉइड मोटरच्या पाठीवरच असतो. तो काट्याने पिनियन आधी दातांत ढकलतो आणि मगच मोटरला पूर्ण करंट देतो. जुन्या बी-सिरीजच्या, म्हणजे मूळच्या १४८९ च्या, बेंडिक्समध्ये पिनियन मोटरच्या दिशेने येतं, आताच्यात मोटरपासून लांब जातं. त्यामुळे पिनियन सहज शिरावं म्हणून रिंगच्या दातांची जी कड तिरकी केलेली असते, ती एका प्रकारात या बाजूला असते आणि दुसऱ्यात त्या बाजूला. चुकीच्या बाजूने पिनियन आदळत राहिलं तर दात खाल्ले जातात, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा.

शिवाय ताकद. जुन्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन आठला एकच्या आसपास, या डिझेलचं वीसच्या वर. पेट्रोलला एक किलोवॅटच्या आतबाहेरचा सेल्फ पुरतो, अशा डिझेलला दोनच्या आसपास हवा. नानांच्या काळात सेल्फ रुसला तर बंपरातून हँडल घालून गाडी सुरू करायचे. डिझेलला हँडल मारून दाखवा म्हणावं.

मग मेस्त्रींनी कुठल्याशा डिझेल टेम्पोचा एक सेल्फ आणला. दोन्ही बोल्ट बरोब्बर आले! मी चहा ठेवायला निघाले. मेस्त्री तिथेच उकिडवे बसलेले. म्हणाले, "बाये, बसतलो खरो, पण दात धरूचो नाय."

त्यांनी तो बाहेर काढून व्हाइसमध्ये आवळला आणि बॅटरीच्या वायरी टेकवल्या. पिनियन टाणकन बाहेर आलं आणि फिरलं, उलटं. सेल्फची मोटर इंजिनाच्या बाजूला आहे की गिअरबॉक्सच्या बाजूला, यावर पिनियन कुठल्या दिशेने फिरायला हवं ते ठरतं. तो टेम्पोचा सेल्फ दुसऱ्या बाजूने बसणारा होता. लावला असता तर इंजिन मागे फिरवलं असतं.

तिथे बसलेला वायरमन म्हणाला, त्यात काय, वायरी उलटवा. आणि मी हो म्हटलं. उलटवल्या. पिनियन पुन्हा त्याच दिशेला.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सिरीज मोटर दरवर्षी फळ्यावर काढते: फील्ड (चुंबक तयार करणारी गुंडाळी) आणि आर्मेचर एकाच करंटवर, करंट उलटला की दोन्ही उलटतात आणि दिशा तीच राहते. मांगरात उभी राहून मीच ते विसरले. (कायम चुंबकाचा सेल्फ असता तर मात्र दिशा बदलली असती. जुन्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेल्या, गाडीला असला नवा, हलका सेल्फ लावणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.) वायरमन आता फील्डची जोडणी फिरवून देतो म्हणाला. पण पिनियनच्या आत एकाच दिशेला पकडणारा क्लच असतो. मोटर उलटी केली की तो नुसता घसरत बसणार. आम्ही तो सेल्फ परत केला.

त्यानंतर गाडीचं नाव घेऊन सेल्फ शोधणं सोडलं आणि मापं घ्यायला बसलो. सेल्फ इंजिनाचा नसतो, फ्लायव्हीलचा आणि हाउसिंगचा असतो. कुणा आधीच्या मालकाने हाउसिंग बदललंय की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं, तेव्हा मोजलं तेच खरं.

फडकं काढलं. भोकातून दिसणाऱ्या एका दाताला खडू लावला. मेस्त्री क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवणार, मी खिळ्याने दात मोजणार. पहिल्यांदा फोन आला आणि चुकले. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आकडा सारखा आला, तेव्हा कागदावर लिहिला. मग फ्लँजच्या तोंडापासून रिंगच्या पुढच्या कडेपर्यंतची खोली, भोकाचा व्यास, बोल्टमधलं अंतर, तिरकी कड कुठे आहे, आणि बाजूला किती जागा आहे, कारण सोलेनॉइड सायलेन्सरच्या पाइपाला लागू लागला तर तापून मरतो. दाताचं माप मात्र रिंगवरून घेणं कठीण, पिनियनवरून सोपं. पिनियनचा बाहेरचा व्यास भागिले (दातांची संख्या अधिक दोन), म्हणजे मॉड्यूल. २७.५ मिलिमीटरचं नऊ दातांचं पिनियन असेल तर २७.५ भागिले ११, अडीच मॉड्यूल. जुन्या इंग्लिश मापातलं १० डीपी (व्यासाच्या दर इंचाला दहा दात) म्हणजे २.५४ मॉड्यूल. डोळ्याला दोन्ही सारखेच. सेल्फच्या पिनियनचे दात पुष्कळदा मुद्दाम थोडे वेगळे कापलेले असतात, म्हणून या हिशोबावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. मेस्त्रींना हिशोबाची गरजच नव्हती. त्यांनी रिंगच्या दातांवर मातीचा गोळा दाबला, छाप घेतली आणि पिशवीत घातली.

ती छाप आणि मापांचा कागद घेऊन मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे गेले. त्याने गाडीचं नाव विचारलंच नाही. छाप उन्हात धरली, फळीवरचे चार सेल्फ काढले, दोन परत ठेवले. उरलेल्यांतला एक साधा, जड. दुसरा रिडक्शनचा: आत छोटी मोटर जोरात फिरते आणि गिअरने वेग कमी करून जोर वाढवते. वजनाला हलका, आणि त्याचं तोंड सैल करून मोटर फिरवून बसवता येत होती, म्हणजे सोलेनॉइड पाइपापासून लांब. तोच घेतला, नवे कार्बन आणि बुश टाकून.

घरी बसवला. पिनियन विश्रांतीत असताना रिंगपासून तीनेक मिलिमीटर लांब, म्हणजे ठीक. सोलेनॉइडने पिनियन आत घालून मेस्त्रींनी पिनियनच्या दाताचं टोक आणि रिंगच्या खाचेचा तळ यांत टाचणी सरकवली. सहज गेली.

चावी फिरवली. खट्. परत खट्. बॅटरी नवीन होती. माझी पहिली शंका सेल्फवर, मेस्त्रींचीही. तेवढ्यात त्यांनी हात झटकला. एक्सिलरेटरची केबल चटका बसेल इतकी तापली होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. त्याला चॅसिसशी जोडणारी अर्थची जाड पट्टी एकच, आणि ती आम्ही जुनीच लावली होती. नऊ पावसाळे खाऱ्या वाऱ्यात राहिलेली, आतून हिरवी झालेली, वर ब्लॉकच्या ताज्या रंगावर आवळलेली. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मग मिळेल त्या वाटेने परतत होता, म्हणजे त्या बिचाऱ्या केबलमधून. कॉलेजचा मीटर आणून बॅटरीच्या वजा टोकावर आणि सेल्फच्या अंगावर टेकवला, भाच्याला चावी मारायला सांगितलं: २.८ व्होल्ट. अर्ध्याच्या आत हवेत. रंग खरवडला, नवी पट्टी घातली, वर ग्रीस चोपडलं. हीटर प्लग तापू दिले. तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं आणि मांगर पांढऱ्या धुराने भरला. माडावरचे कावळे उडाले.

आरसी बुकात इंजिन नंबर आणि इंधन बदलून यायचं आहे, कागद आरटीओत आहेत. तोवर गाडी मांगरातून फाटकापर्यंत जाते आणि मागे येते. नाना खळ्यात खुर्ची टाकून बसतात. पहिल्या दिवशी बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आवाज टेम्पोचो येता गो."